जाऊबाईंचा गुडघा

माझ्या थोरल्या जाऊबाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत आणि त्यांचा गुडघा दुखतो, हे आमच्या घरात एका दमात म्हटलं जाणारं वाक्य होतं. नवे शेजारी राहायला आले की सासूबाई सगळ्यांची ओळख करून द्यायच्या, त्यात गुडघ्याचीही व्हायची. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतात. त्यांनी त्या गुडघ्यासाठी काय नाही आणलं? तीन तऱ्हेची तेलं, लोकरीचे पट्टे, गरम पाण्याची पिशवी. न्हाणीघरात आधाराला म्हणून भिंतीत एक लोखंडी दांडी ठोकून घेतली, तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले आहेत. गुडघ्याचे लाड असे छान चालले होते. फक्त दुखतो तो कुठला, डावा की उजवा, एवढंच ठरत नव्हतं.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण माझ्या आलं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांकडे बघणं हाच माझा धंदा. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि तो वेळेवर दाबायचा तर शेजारच्या माणसाचा पाय काय करणार आहे हे पायाच्या आधी मला कळावं लागतं. तर जाऊबाई सोमवारी डाव्या पायाने लंगडायच्या आणि गुरुवारी उजव्या. एकदा तर जिना चढताना डावा आणि उतरताना उजवा. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दुखणं सरकतं कधीकधी. भावाच्या संसारातलं काहीही दिसू न देण्याची शिस्त त्याने लहानपणापासून पाळली आहे.

खरं सांगायचं तर माझं गुडघ्याशी काही वाकडं नव्हतं. माझा राग वेगळा होता. जाऊबाई हसत नसत.

मी पडले बडबडी. शिकाऊ माणसांबरोबर दिवस काढून घरी आलं की पोटात चार-दोन गोष्टी असायच्याच, आणि त्या जेवताना सांगितल्याशिवाय मला घास उतरत नसे. सासूबाईंचा मात्र कडक नियम होता: जेवताना कोणी हसवायचं नाही, ठसका लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो नियम ऐकत आले आणि मोडत आले. सासूबाई डोळे वटारायच्या, मोठे भाऊजी हसायचे, माझा नवरा गोष्ट दुसऱ्यांदा ऐकत असला तरी हसायचा. आणि जाऊबाई? ओठ घट्ट मिटून ताटात बघत राहायच्या. गोष्ट ऐन रंगात आली की उठायच्या आणि आत निघून जायच्या.

टपालपेटीवाल्या आजोबांची गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. हे आजोबा सत्तरीत गाडी शिकायला आले. फार सभ्य गृहस्थ. गाडी मागे घेताना ते रस्त्याकडेच्या टपालपेटीवर हलकेच आदळले. मी ब्रेक मारेपर्यंत आवाज झालाच होता. आजोबा खाली उतरले, टोपी काढली, टपालपेटीची माफी मागितली, परत गाडीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "त्यांना काही लागलं नाही म्हणतात." ही माझी आजवरची सगळ्यात चांगली गोष्ट. मी ती जेवताना सांगत होते, आजोबा अजून टोपीच काढत होते, आणि जाऊबाई ताटावरून उठल्या. पाण्याचा तांब्या भरलेला असताना पाणी आणायला गेल्या.

मला इतका राग आला की उरलेली गोष्ट मी भिंतीला सांगितली. अर्धा विनोद टाकून उठून जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी ठरवून टाकलं की बाई शिस्तीची आहे आणि आपण तिला उथळ वाटतो. बरं, वाटू दे. शाळेतल्या मुली त्यांना पाठीमागे "खांब" म्हणायच्या, ते नाव मग मीही मनातल्या मनात उचललं. त्या नावाचं कारण मैदानावर होतं. मुली लांब दोरीवर उड्या मारायच्या तेव्हा दोरीचं एक टोक बास्केटबॉलच्या खांबाला बांधलेलं असायचं आणि दुसरं जाऊबाईंच्या हातात. दोन्हीकडचे खांब जागचे हलत नसत.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. त्या शाळेत क्रीडादिनाचा शेवट ठरलेला होता: खेळाच्या बाई लांब दोरीत शिरणार, आणि सगळी शाळा मोठ्याने उड्या मोजणार. जाऊबाई तरुण असताना मुलींचे आवाज बसायचे पण त्यांच्या उड्या संपायच्या नाहीत, असं जुन्या शिपाईणबाई सांगतात. मग दोन बाळंतपणं झाली. उड्या कमी झाल्या. गेल्या सहा वर्षांत तर गुडघा आला आणि त्या दोरीत शिरल्याच नाहीत.

त्या वर्षी सत्र सुरू होताच मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं आणि फार प्रेमाने एक किल्ली हातात ठेवली. शाळेच्या वाचनालयाची. गुडघ्याचे इतके हाल करून घेऊ नका, म्हणाल्या, पुढच्या वर्षी वाचनालयात बसा, मैदानासाठी एक तरुण मुलगी बघितली आहे. विचार करा आणि क्रीडादिन झाला की काय ते सांगा. आमच्या घरी आनंदीआनंद झाला. सासूबाई म्हणाल्या, देव पावला. मोठे भाऊजी वाचनालयाच्या खुर्चीसाठी त्याच संध्याकाळी गादी घेऊन आले. जाऊबाईंनी ती किल्ली फडताळाच्या खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर फडताळ उघडताना तिच्याकडे बघायचं टाळू लागल्या. अठरा वर्षं त्या मैदानावर काढलेली बाई, घरातही शिट्टी गळ्यात असायची, भाजी चिरतानासुद्धा. ती शिट्टी आता त्या रोज ड्रॉवरमध्ये ठेवायला लागल्या. मला त्यांचा राग होता, तरी ते बघवेना.

मोठे भाऊजी हाती घेतलेलं काम सोडत नाहीत. किल्ली आली तर आली, गुडघा बरा झालाच पाहिजे म्हणून त्यांनी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. जाऊबाईंनी सतरा कारणं काढली, एकही चाललं नाही. भाऊजींना रजा मिळेना, म्हणून मी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून त्यांना घेऊन गेले. रस्त्यात गतिरोधक आला की त्या दाराची मूठ घट्ट धरायच्या आणि डोळे मिटायच्या. मला वाटलं, माझ्या गाडी चालवण्यावरही यांचा विश्वास नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कुठला गुडघा? जाऊबाई म्हणाल्या, डावा. डॉक्टरांनी डावा दाबला, त्या गप्प. उजवा दाबला, तेव्हा आठवण झाल्यासारख्या "आई गं" म्हणाल्या. एक्सरे आले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरले, उलटे करून धरले, मग माझ्याकडे बघून म्हणाले की असे गुडघे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायला हवे आहेत, इतके चांगले हल्ली मिळत नाहीत. तरी समाधानासाठी शेजारच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्टबाईंना दाखवून जा, थोडा व्यायाम सांगतील.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. फरशी पुसून गेलेली बाई फिनाईल जरा जास्तच ओतून गेली होती. जाऊबाईंना शिंक आली. म्हणजे येणार होती. त्यांनी आधी एक पाय दुसऱ्यावर टाकला, घट्ट आवळला, बाकाची कड धरली, पुढे वाकल्या, आणि मग शिंकल्या. एवढी तयारी करून लोक विमान उडवतात. मला हसू आलं. त्याच वेळी शेजारच्या खोलीचं दार उघडून टॉवेलांचा गठ्ठा घेतलेल्या थेरपिस्टबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, "गुडघा ना? सहा वर्षं झाली."

"गुडघा नाही. शिंकताना."

जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी सभ्यपणे उठून लांब जायला लागले, तर त्यांनी माझं मनगट असं धरलं की दोरी खेचण्याच्या सामन्यात त्या कुठल्या संघाला हरवू शकतात हे मला कळलं. आम्ही तिघी आत गेलो आणि दार लागलं.

मग सहा वर्षं एका दमात बाहेर आली. उडी मारली की लघवी गळते. धावलं की गळते. शिंकलं, खोकलं, जोरात शिट्टी फुंकली तरी थेंब जातोच. म्हणून ट्रॅकसूट कायम काळा. म्हणून दुपारपर्यंत पाणी नाही. म्हणून दर तासाची घंटा झाली की, लागली असो वा नसो, आधी जाऊन यायचं. म्हणून गुडघा. मुलींसमोर, शिपायांसमोर, नवऱ्यासमोर दुसरं काय सांगणार? आणि मग त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की सगळ्यात वाईट म्हणजे हसणं. हसू आलं की काही हातात राहत नाही.

"ते टपालपेटीचे आजोबा," त्या म्हणाल्या. "तुझी गोष्ट वाईट असती ना, तर मी बसले असते."

मला रडू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला आनंद झाला, अगदी उड्या मारण्याइतका. इतकी वर्षं मी समजत होते की माझे विनोद त्यांना लागत नाहीत, आणि ते तर जिव्हारी लागत होते. त्या खोलीत माझ्याइतकं सुखी माणूस दुसरं कोणी नव्हतं, आणि हे सुख दाखवायची ती जागा नव्हती, म्हणून मी टेबलावरचा कमरेच्या हाडांचा सांगाडा निरखत बसले.

त्याच सांगाड्यावर थेरपिस्टबाईंनी समजावलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. उडी मारली, शिंकलं, हसलं की वरून दाब येतो, आणि झोळीने तेवढ्यात वर उचलून मूत्राशयाचं तोंड बंद ठेवायचं असतं. ते जमलं नाही की गळतं. धावणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या, मूल न झालेल्या मुलींनाही होतं, फक्त कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून जी ती समजते की जगात मी एकटीच. आणि बहुतेक जणींना व्यायामाने फरक पडतो.

जाऊबाई लगेच ताठ बसल्या. व्यायाम त्यांना माहीत होता, म्हणाल्या. मासिकात वाचून त्या तो कधीपासूनच करत होत्या. आवळायचं आणि धरून ठेवायचं. प्रार्थनेला उभ्या राहून करत, बसमध्ये करत, शिक्षकांच्या बैठकीत करत. मासिकात सांगितलं होतं त्याच्या दुप्पट, मग चौपट. खेळाच्या शिक्षिका त्या, कमी पडतंय तर वाढवा हाच त्यांचा धर्म. तरी वर्षागणिक वाढतच गेलं.

थेरपिस्टबाई उठल्या. त्यांनी विचारून, पडदा ओढून तपासलं. मी पडद्याअलीकडून ऐकत होते. आवळा म्हणाल्या. बरं, आता सोडा. सोडलं, असं जाऊबाई म्हणाल्या. नाही सोडलं, सोडा. आता सोडलं. अजून नाही. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी पडद्यामागून जाऊबाई म्हणाल्या की मला सोडता येत नाहीये बहुतेक.

तर दुखणं असं निघालं. झोळी नुसती सैल नव्हती, ती दिवसरात्र आवळून आवळून थकली होती. आधीच वर खेचून धरलेली गोष्ट ऐन वेळी आणखी वर कशी जाणार? मला हे ताबडतोब पटलं. क्लचवर कायम पाय ठेवून गाडी चालवणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांना वाटतं, आपण सावध आहोत. क्लच जळतो.

जाऊबाई पडद्याबाहेर आल्या, ट्रॅकसूटची नाडी बांधत उभ्या राहिल्या आणि हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला सहा वर्षं सावधानमध्ये उभं केलंय."

"हो," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "आता आधी विश्राम शिकवा."

मैदानावर आयुष्य काढलेल्या बाईला यापेक्षा सोप्या भाषेत कोण सांगणार होतं? पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. घरी रोज सकाळी माझ्या खोलीत सतरंजी घालून आमचा वर्ग सुरू झाला. उताणं पडायचं, गुडघे वाकवायचे, श्वास पोटात जाऊ द्यायचा, आणि खालचं सगळं सैल सोडायचं. जाऊबाई सतरंजीवर पडल्या तरी झेंड्याला मान दिल्यासारख्या पडायच्या. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की या बाईला हुकुमाशिवाय काही करता येत नाही. म्हणून मी त्यांची शिट्टी ड्रॉवरमधून काढून गळ्यात घातली आणि सतरंजीच्या टोकाशी उभी राहून हुकूम सोडला, "विश्राम." जाऊबाईंचे खांदे, जबडा, पोट, सगळं एकदम खाली आलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, सुटलं." थोरल्या जावेला हुकूम सोडण्याची संधी किती जणींना मिळते? मी ती मनसोक्त उपभोगली. दाराबाहेर मोठ्या भाऊजींनी माझ्या नवऱ्याला विचारलं की हिला पोलिसात भरती व्हायचं आहे का.

सोडता आलं, मग उचलणं. श्वास सोडताना उचलायचं, आणि तितकंच पूर्ण खाली सोडायचं. पाणी वेळच्या वेळी प्यायचं, आणि दर घंटेला उगाच धावायचं नाही. पहिले काही दिवस शाळेची घंटा झाली की जाऊबाई खुर्ची धरून बसत. मग पुढचा धडा आला, खोकण्याचा. खोकायच्या क्षणभर आधी झोळी उचलायची, मग खोकायचं. धडा चुकू नये म्हणून मीही बरोबर खोकायचे. दोन दिवस आमच्या खोलीतून तो खोकला ऐकून सासूबाई औषधाची बाटली आणि चमचा घेऊन दारात उभ्या राहिल्या. दोघींना एकेक चमचा पाजल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. ते औषध इतकं कडू होतं की जाऊबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि त्यांनी पटकन तोंड फिरवलं. हसण्याचा धडा अजून यायचा होता. थेरपिस्टबाईंनी तो सगळ्यात शेवटी ठेवला होता आणि तोवर मला जेवताना गोष्टी सांगायला बंदी होती. मी ती पाळली. यापेक्षा मोठा त्याग आमच्या घराण्यात कोणी केला नसेल.

मग उठबस, जिने, टाचा उचलणं, आणि एके सकाळी सतरंजीवर पहिली लहानशी उडी. काही नाही. दुसरी. काही नाही. जाऊबाईंचा धीर वाढला आणि त्यांनी एकदम दहा-बारा मारल्या, अगदी मैदानावरच्या. मग थांबल्या आणि खाली बसल्या. मी समजले. क्रीडादिन महिन्यावर आला होता. त्या म्हणाल्या की वाचनालय काही वाईट नाही, खिडक्या मोठ्या आहेत, गादी पण आणली आहेच.

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "वहिनी, मी तुमच्यासाठी खोकल्याचं औषध प्यायले आहे. वाचनालयात जायचं असेल तर आधी तो चमचा परत करा." थेरपिस्टबाईंनीही तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. हे सरळ रेषेत बरं होत नाही. एक पाऊल मागे आलं म्हणून चाललेली वाट पुसली जात नाही. उडी मारताना तुम्ही श्वास कोंडता, तेवढं सोडा, आणि उगाच उंच उडू नका, दोरी खालून जाईल एवढं पुरे.

भाऊजींना सांगायचं राहिलं होतं. ते एका सकाळी चहाच्या वेळी झालं. भाऊजी तेलाची बाटली घेऊन आले आणि जाऊबाईंनी सगळं सांगून टाकलं. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, मला सांगायचं ना. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकं मन लावून तेल चोळत होतात, मोडवेना." भाऊजींनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि विचारलं की न्हाणीघरातल्या दांडीचं काय करायचं. जाऊबाई म्हणाल्या, राहू दे, टॉवेलला लागते. त्या दिवशी भाऊजींनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलं, काही कारण नसताना.

क्रीडादिनाच्या सकाळी जाऊबाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा मी हातातला कंगवा खाली टाकला. त्यांनी फिकट राखाडी ट्रॅकसूट घातला होता. कोरा. ज्याच्यावर पाण्याचा थेंब पडला तर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा असा. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या दोन पेले पाणी प्यायल्या. मी न विंचरताच बाहेर पडले.

मैदानाच्या कडेला पालकांच्या खुर्च्या होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी भाऊजी, मग मी, गळ्यात अजून जाऊबाईंची शिट्टी. शर्यती झाल्या, बक्षिसं झाली. मुख्याध्यापिका माइकवर आल्या आणि होकार गृहीत धरून फार गोड बोलल्या. आपल्या लाडक्या बाई गुडघ्यामुळे मैदानाचा निरोप घेत आहेत, वगैरे. जाऊबाई नेहमीच्या जागी, हातात दोरीचं टोक घेऊन उभ्या होत्या. भाषण संपलं. त्यांनी आपल्या हातातलं टोक, मैदान बघायला आलेल्या त्या नव्या तरुण शिक्षिकेला दिलं. मग चालत पलीकडे गेल्या, खांबाला बांधलेलं टोक सोडलं, आणि मला हाक मारली.

मी जन्मात दोरी फिरवलेली नाही. पण नाही कशी म्हणणार? दोरी जड होती, पहिल्या दोन फेऱ्या जमिनीवरच आपटल्या, मुली खिदळल्या. मग लय सापडली. जाऊबाई बाजूला उभ्या राहून दोरीकडे बघत होत्या. खांदे खाली, जबडा सैल. मी पुटपुटले, विश्राम. त्यांनी श्वास सोडला आणि आत शिरल्या.

दोरी पायांखालून गेली. मग पहिल्या रांगेतल्या मुलींनी मोजायला सुरुवात केली, मग मागच्यांनी, मग सगळ्या शाळेने. मला आकडे ऐकू येत नव्हते. मी त्यांचे ओठ बघत होते. प्रत्येक उडीला श्वास सुटत होता. उंच नाही, दोरी जाईल एवढंच. काळी नव्हे, फिकट राखाडी विजार वर जात होती, खाली येत होती. शिपाईणबाई खुर्चीवर उभ्या राहून मोजत होत्या. मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि हात तर खांद्यातून निखळायला आला होता. शेवटी दोरी थांबली ती माझ्यामुळे. हातच चालेना. जाऊबाई अजून उडीच्या तयारीत होत्या.

मुली धावत आल्या, त्यांतून वाट काढत जाऊबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या, चेहरा नेहमीसारखा दगडी. मी काही विचारू शकत नव्हते, चारचौघांत कसं विचारणार? पण माझी नजर आपोआप खाली गेली. त्यांनी ते बघितलं. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणाल्या,

"त्यांना काही लागलं नाही म्हणतात."

आणि हसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून ते हसणं ऐकलं नव्हतं. मोठं, खणखणीत, मधेच नाकातून फुर्रकन आवाज येणारं हसणं. ते सुरू झालं ते थांबेना. मीही सुटले. आम्ही एकमेकींना धरून हसत होतो आणि मुली आम्हाला बघून हसत होत्या. हसत हसतच जाऊबाईंनी खिशातून वाचनालयाची किल्ली काढून मुख्याध्यापिकांच्या हातात ठेवली आणि माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. मुख्याध्यापिकांना काही कळलं नाही, पण हसू त्यांनाही आलं.

"पुरे गं, पुरे. हसवू नका मला."

हा सासूबाईंचा आवाज होता. त्या खुर्चीत पुढे वाकल्या होत्या. एक पाय दुसऱ्यावर घट्ट आवळलेला, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरलेले, ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. मी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई सासूबाईंच्या पायांकडे बघत होत्या. जेवताना हसवायचं नाही, ठसका लागतो. सगळी वर्षं आम्ही दोघी तो नियम ऐकत जेवलो होतो.

जाऊबाईंचं हसणं एकदम थांबलं. त्या सासूबाईंच्या खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या, अगदी सहज, आणि त्यांचा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "आई, मंगळवारी माझ्याबरोबर यायचं. एका बाईंना भेटायचंय."

सासूबाईंनी हात सोडवून घेतला. "मी कुठे येऊ आता? माझा गुडघा दुखतो."

"कुठला?" जाऊबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी आधी एका गुडघ्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.